एका मण्यावर एकच तुकडा

मी एक जुनी मण्यांची पाटी आहे. लाकडी चौकट, आडव्या तारा आणि तारांत ओवलेले मणी. मित्रांनो, सुताराने मला घडवले ते बेरीज-वजाबाकीसाठी. माझ्यापुढे लहान मुले बसतील, असे मी धरून चालले होते. बसले मिशाळ फिटर!

माझ्या बाई परदेशी यंत्रे जोडणाऱ्या कामगारांना इटालियन शिकवत. यंत्रांच्या भागांची नावे मालगाडीएवढी लांब. पहिल्याच दिवशी बाई 'तुर्बोकोम्प्रेस्सोरे' म्हणाल्या आणि मी गारच पडले. म्हणे, इंजिनात हवा कोंबणारा भाग. मग बाईंनी एकेक मणी सरकवला. तुर्. बो. कोम्. प्रेस्. सो. रे. एका मण्यावर एकच तुकडा, हा त्यांचा कायदा. फिटरांना भारी घाई. शेवटचे तुकडे ते एकाच मण्यावर उरकत. बाई तो मणी मागे ओढून म्हणत, "गिळू नका."

एके सकाळी बाई फळ्यासमोरच कोसळल्या. जीव वाचला, पण वाचा गेली. त्यांच्या मुलीने वर्ग बंद केला आणि मला जिन्याखालच्या खोक्यात टाकले. तिथून मला सगळे ऐकू येई. "आई, नुसतं पाणी म्हण. बरं, मला 'छकुली' अशी हाक मार." छोटे शब्द सोपे, असे बिचारीला वाटे. मी मात्र खोक्यात तडफडत असे.

मग सर्वांत मिशाळ फिटर बाईंना भेटायला आला. त्याने मला मागून घेतले, फुंकर मारली आणि जुना धडा सुरू केला. तुर्. बो. कोम्. आणि सवयीप्रमाणे 'प्रेस्सोरे' एकाच मण्यावर!

बाईंचा हात पुढे आला. मणी मागे गेला.

"प्रेस्," बाई म्हणाल्या. "सो. रे."

मित्रांनो, मला बोटे असती तर मी तोंडात घातली असती. फिटर उभाच राहिला. मुलीच्या हातातले पाणी सांडले. ती धावत आली आणि एकच मणी ढकलून म्हणाली, "छकुली म्हण, आई."

बाईंनी तोही मणी मागे ओढला.

"गिळू... नको." मग त्यांनी तीन मणी सरकवले. "छ. कु. ली."

ती मुलगी, एवढी मोठी झालेली, माझ्यावर डोके टेकून रडली.

आता मी बाईंच्या उशाशी असते. मित्रांनो, जुनी वस्तू खोक्यात टाकण्याआधी जरा थांबा. तिच्यात कुणाची तरी हाक अडकलेली असेल.