न्यी-न्यी कुठे जातात

बॉनेटमधून वाफ उसळली तेव्हा डेल्वीनने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि ही गाडी गळ्यात मारणाऱ्या चुलतभावाचा मनातल्या मनात यथेच्छ उद्धार केला. मागच्या सीटवर यारिची आत्या मात्र निवांत बसली होती. उतरायचं ठिकाण आलं म्हणून थांबलो, असाच तिचा चेहरा.

उद्या सकाळी आत्याला ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या अॅलिस स्प्रिंग्जच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला जोडायचं होतं. धाकट्या बहिणीच्या मातीला जायचं म्हणून दवाखान्याने तिला सोडलं होतं, आणि त्यात डायलिसिसची एक वेळ आधीच चुकली होती. दुसरी चुकली तर ती वाचेलच असं नाही, हे नर्सने डेल्वीनला बाजूला घेऊन बजावलं होतं. आत्याचे पाय आत्ताच सुजून चपलेबाहेर आले होते.

रेडिएटरची फुटलेली नळी डेल्वीनने गळ्यातल्या रुमालाची चिंधी फाडून करकचून बांधली. पण आत घालायला पाणी कुठलं? कॅन दुखवट्याच्या छावणीत सगळ्यांनी मिळून संपवला होता आणि भरून घ्यायचं डेल्वीनच्या लक्षात राहिलं नव्हतं. फोनला रेंज नाही. या जुन्या वाटेला कुणी फिरकतही नाही. वाट आत्यानेच सुचवली होती, जवळची म्हणून.

"आत्या, मुलूख तुझा. इथे पाणी कुठे आहे?"

"होतं. मोकाट उंटांनी नासवलं. आता काही नाही."

"मग आता काय करायचं?"

"बसायचं. शहरात वाढलीस ना, तुला बसता येत नाही."

डेल्वीन गाडीच्या सावलीत बसली. समोरच्या वाळक्या गवतात चिमुकले पक्षी उतरले होते आणि खेळण्यातली पिपाणी वाजवावी तसे बारीक आवाज काढत होते.

"हे कुठले पक्षी गं?"

"साखरेने डोळे खाल्ले माझे. मला काय डोंबल दिसतंय! कसे आहेत ते सांग."

"अंगठ्याएवढे. राखाडी. चोच लालभडक. डोळ्याखाली काळी रेघ, काजळ ओघळल्यासारखी. शेपटीवर काळे-पांढरे पट्टे."

आत्याने पिपाणीच्या आवाजाकडे कान वळवला.

"किडेखाऊ असतात ते," ती म्हणाली. "किड्यांतच त्यांचं पाणी. त्यांच्या मागे लागून काही मिळायचं नाही."

डेल्वीनने मान डोलावली. त्यांच्या आदिवासी जमातीत ज्याचा मुलूख त्याचा शब्द. तिथल्या झाडापाखराबद्दल त्याला उलटून बोलायचं नाही, एवढं अॅडलेडमध्ये वाढूनही तिच्या अंगात मुरलं होतं. पण डोळे कुणाच्या धाकात राहत नाहीत. पक्षी किडे टिपतच नव्हते. गवताच्या ओंब्या वाकवून दाणे सोलत होते, आणि फोलपटं चोचीच्या कडेने गळत होती. एवढं सुकं बी पोटात घालणाऱ्याला या उन्हात पाणी लागणार नाही?

मग तिने त्यांचं जाणं-येणं पाहिलं. काही थवे पूर्वेच्या तांबड्या खडकांकडे जात. ते जमिनीलगत, सरळ रेषेत, कुठेही न थांबता. तिकडून येणारे रमतगमत येत. या झुडपावर टेक, त्या झुडपावर पिसं साफ कर. जाणाऱ्यांना घाई होती आणि येणाऱ्यांना नव्हती. दुकानात जाणारी माणसं आणि तिथून परतणारी माणसंही अशीच ओळखू येतात.

"मी जरा पाय मोकळे करून येते," ती म्हणाली आणि कॅन उचलला.

"डेल्वीन!" आत्याने हाक मारली. एवढ्या मोठ्याने ती दोन दिवसांत बोलली नव्हती. डेल्वीन थांबली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने मोठ्या माणसाच्या हाकेकडे पाठ केली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

खडकांच्या बेचक्यात पाणी होतं. स्वच्छ, गार, कॅन चार वेळा भरेल एवढं. उंटाचा मागमूस नाही. काठावर पक्ष्यांची रांग लागली होती. कोंबडीसारखी दर घोटाला मान वर न करता, चोच बुडवून ते सलग ओढत होते.

पण डेल्वीन काठाशी थबकली. अनोळखी माणसाने असं पाण्याला हात लावायचा नसतो. ज्याचं पाणी त्याने पुढे होऊन हाक द्यायची, ही अमक्याची अमकी आली आहे म्हणून सांगायचं, मगच ते पाणी तुम्हाला सुखाने लाभतं. ते काम आत्याचं होतं. शेवटी डेल्वीनने घसा साफ केला आणि मोडक्यातोडक्या बोलीत ओरडली, "मी डेल्वीन! यारिचीची भाची! यारिचीसाठी पाणी नेतेय!" खडकांतून आवाज परत आला तसे पक्षी भुर्रकन उडाले.

ती परतली तेव्हा कॅनचा ओला वास आत्याला आधीच लागला होता.

"न्यी-न्यी म्हणतात त्या पाखरांना," आत्या म्हणाली. "पाण्यापासून लांब राहतच नाहीत ते. आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं."

"मग खोटं का बोललीस?"

"त्या मशीनच्या खुर्चीत मरायचं नाही मला, म्हणून. बहिणीला पुरलं, आता माझं तिथे काय उरलंय? दर दिवसाआड सुया, आणि खिडकीतून गाड्यांचा तळ."

"आणि मी? मी काय करू तुझ्याशिवाय?"

"तू हाक दिलीस का तिथे?"

"दिली. तुझं नाव सांगितलं. आणखी कुणाचं सांगणार?"

आत्याचा चेहरा एकदम पडला.

"अगं, मग आता ते पाणी माझी वाट बघत बसेल. आणि तू तर मला घेऊन चाललीस. तिकडे मी मेले की माझं नावसुद्धा कुणी उच्चारायचं नाही, मेलेल्याचं नाव आपल्यात घेत नाहीत. तेव्हा 'ती आता येणार नाही' असं त्या पाण्याला कोण सांगणार? कुणाच्या नावाने सांगणार?"

 डेल्वीनने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, झाकण लावलं. आत्याला काखेत हात घालून पुढच्या सीटवर आणून बसवलं. आत्याने विरोध केला नाही, मदतही केली नाही. तिचं वजन लहान मुलाएवढं झालं होतं.

किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ते सुरू झालं नसतं तर बरं झालं असतं, असं डेल्वीनला क्षणभर वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली. तिने गिअर टाकला. आत्या खडकांकडे तोंड करून, दिसत नसलेल्या डोळ्यांनी, स्वतःचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटत होती.