गोष्ट एकदाच वाचायची

"दिसलं की तोंड उघडावं, ऐपेरी. तुझं हे गप्प बसणं एक दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाशी येईल," सासूबाई म्हणाल्या होत्या. शेजारणीची गाय आमच्या गवतात शिरली होती आणि मी खिडकीतून नुसती बघत उभी होते. गायीवरून एवढं! मी ते हसण्यावारी नेलं.

परवा आमच्या कोचकोर गावच्या वाचनालयात लेखिका तुर्दुकान एजे आल्या. वयाने मोठ्या बाईला आम्ही एजे म्हणतो. नवरा मॉस्कोला कामाला गेला त्या वर्षी मी त्यांचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं होतं. त्यातली घोडीशी बोलणारी बाई मला पाठ आहे. 'तिची मला सोबत झाली', एवढं एक वाक्य एजेंना सांगायचं होतं. वाटेत ते दहादा पुटपुटले. आठ महिन्यांच्या एल्दानला दोन टोप्या घातल्या, कानाला वारा लागायला नको म्हणून, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले.

खुर्च्या भरायला शाळेतल्या मुली आणल्या होत्या. त्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या.

एजेंनी पिशवी चाचपली. "पुस्तक घरीच राहिलं वाटतं."

सगळे हसले. ग्रंथपाल बुरुल एजे कपाटाकडे धावल्या. तिथे लेखिकेचं एकही पुस्तक नव्हतं. "कुणाकडे आहे का गं?"

माझा हात वर होईना. शेवटी शेजारच्या बाईनेच माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं. "हिच्याकडे आहे की! अंडं उबवल्यासारखी बसलीय त्यावर!"

एजेंनी हातातला एक कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवला आणि वाचायला लागल्या. घोडीचीच गोष्ट. बाई खोगीर उतरवते, घोडीच्या मानेवर कपाळ टेकते. पान संपलं. एजेंनी उलटलं, थांबल्या, पान मागे घेतलं. पुन्हा खोगीर, पुन्हा कपाळ. मग तिसऱ्यांदा.

माझ्याखेरीज कुणाच्याच लक्षात आलं नाही. टाळ्या पडल्या. एजेंच्या खांद्यावर मानाचा चापान, लांब भरजरी झगा, चढवला, फोटो निघाले. त्यांनी तळहात उघडून सगळ्यांना आशीर्वाद दिला आणि माझं पुस्तक परत द्यायला स्वतः मागे आल्या.

"तू वाचलंयस हे?"

मी मान डोलावली.

"बाळाचं नाव काय?"

"एल्दान."

"छान." त्यांनी त्याची टोपी सारखी केली. "बाळाचं नाव काय?"

"एल्दान," मी म्हटलं. चारचौघांत त्यांना कशाला ओशाळं करायचं, म्हणून पुढे काहीच बोलले नाही. बुरुल एजे त्यांना जेवायला घेऊन गेल्या. माझं वाक्य माझ्याचपाशी राहिलं.

घरी एल्दानने पुस्तकातून तो कागद ओढला. मोठाली अक्षरं, एजेंचीच.

'आज कोचकोर, वाचनालय. गोष्ट एकदाच वाचायची. परतताना ड्रायव्हरला हे दाखवायचं: बिश्केक, जुन्या शिलाई कारखान्यामागची पिवळी इमारत, दुसरा जिना, तिसरा मजला. किल्ली समोरच्या घरी. गॅस बंद करून निघाली आहेस.'

पोराला कडेवर घेऊन मी बिश्केकच्या टॅक्सींच्या अड्ड्यावर पळाले.

"चापानवाली म्हातारी ना?" एक ड्रायव्हर सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला. "गेली की मघाशीच. पुढच्या सीटवर बसवली मानाने. उतरायचं कुठे विचारलं, तर म्हणाली, कागद आहे माझ्याकडे."

"कुणाच्या गाडीत?"

"बाहेरगावची होती, ताई. आपल्यातली नाही."

बुरुल एजेंना फोन केला. "त्यांचा फोन बंद येतोय गं. पण एवढी मोठी लेखिका, स्वतःचं घर विसरेल होय? तू फार काळजी करतेस."

फार काळजी करते, हे खरंच. पळताना वारा लागून एल्दानला ताप भरलाय. तो उतरेपर्यंत मला उंबरा ओलांडता येत नाही. फोन अजून बंदच आहे.

तुमच्यापैकी कुणी बिश्केकला असेल, तर त्या पिवळ्या इमारतीचा दुसरा जिना चढून जा. दार उघडलं नाही, तर समोरच्या घरी विचारा, किल्ली न्यायला कुणी आलं होतं का. उघडलं, तर सांगा की घोडीवाल्या बाईची कोचकोरमध्ये एकीला सोबत झाली. आणि बाळाचं नाव एल्दान. पुन्हा विचारलं, तर पुन्हा सांगा.