बिरूबाबांनी दिलेलं अक्षर

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी आज्ञावली आहे. माझ्याजवळ रंगीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत कुणी एक ओळ टाइप केली की मी जागी होते, फॉन्टची फाइल तपासते, लागलं तर तिचं रूप बदलून देते आणि पुन्हा गप्प बसते. एकमेकांना कधीच न भेटलेल्या अनेकांनी मला थोडं थोडं लिहिलं आणि जगाला फुकट वाटून टाकलं.

राजूरला गणपतीच्या रस्त्यावर अर्पिताचं छपाईचं दुकान आहे. तिथल्या संगणकात मी राहते. लग्नपत्रिकेसाठी नवा फॉन्ट आणला की अर्पिता तो आधी माझ्यापुढे ठेवायची. "हिनं बराबर म्हटलं, की मंगच छापायचं," असं गिऱ्हाइकांना सांगायची. पुढे चांगले फॉन्ट सहज मिळू लागले आणि वर्ष वर्ष मला कुणी हाक मारीनासं झालं.

एका दुपारी हसनाबादकडचे बिरूबाबा दुकानात आले. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला माणूस. हातात एक सीडी होती. त्यांची बायको प्रेमला ओव्या गायची. गावातल्या परमेश्वर गुरुजींनी वीस वर्षांपूर्वी त्या ऐकून टाइप करून ठेवल्या होत्या. आता गुरुजी नाहीत, प्रेमलाही नाही. तिचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता.

अर्पितानं फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा नुसता कालवा.

"बाबा, गुरुजींच्या जुन्या फॉन्टबिगर हे वाचता येत न्हाई. आन् सीडीवरचा फॉन्ट बिघडलाय, संगणक घेऊन न्हाई राह्यला."

बाबा म्हणाले, "मंग ती बिलकुल गेली म्हन की."

तेव्हा अर्पितानं मला हाक मारली.

मी तो फॉन्ट उलगडला आणि थक्क झाले. एक साधा 'क', पण त्याच्या वळणात किती बिंदू, आणि प्रत्येकाची जागा आकड्यांत लिहिलेली! कुण्या अनोळखी माणसानं प्रत्येक वेलांटी, प्रत्येक रफार असा बिंदू बिंदू मांडून घडवला होता. कोणत्या इंग्रजी खुणेमागे कोणतं मराठी अक्षर दडलं आहे, ते मी अर्पितापुढे ओळीनं मांडलं. जे खरं तेही सांगितलं: एका खुणेचा आकार पार पुसला गेला आहे. अंदाज बांधणं माझ्या स्वभावात नाही.

ती यादी धरून अर्पितानं मजकूर बदलला आणि वाचायला लागली.

"का… मेंढीच्या ग…" ती अडखळली. "बाबा, एकच अक्षर जागोजागी गायब हाय."

बाबांनी डोळे मिटले. मग हळूच, चालीवर म्हटलं,

"काळ्या मेंढीच्या गळ्यात घुंगुरमाळ वाजती,
धनी माळाच्या पल्याड, माझी सकाळ जागती."

"ळ!" अर्पिता ओरडली. "बाबा, 'ळ' हाय त्यो!"

यादीतली कोरी जागा तिनं भरली. एका क्षणात शंभरावर ओव्यांमधली सगळी भोकं बुजली. मी एकेक बिंदू मोजणारी. मला जे सापडलं नाही, ते शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसानं कानात जपून ठेवलं होतं.

अर्पितानं ओव्या छापल्या. बाबांनी कागद हातात घेतला. "म्या सांगितलेलं अक्षर कोन्तं, दाव बरं."

तिनं दाखवलं. बाबांनी त्या 'ळ'वरून अंगठा फिरवला.

"असं दिसतं व्हय तिचं गानं," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, कुणाचं लिखाण जपाल तेव्हा त्याचा फॉन्टही सोबत जपा, अधूनमधून उघडून पाहा. आणि ज्यांना ते तोंडपाठ आहे, त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा. बिघडलेली फाइल मी केव्हाही तपासून देईन. पण त्या दिवशी बिरूबाबा आले नसते, तर ती जागा मी कोरीच दाखवली असती.