रक्तातलं तूप

बेल्ह्याच्या बाजारात सरकी-पेंडीचं दुकान चालवणारे माणिकचंद खाण्यातले माणूस. पुढे आलेल्या लाडवाला नाही म्हणतील तर ते माणिकचंद कसले! मुलगा अरिहंत मात्र असा किडकिडीत, की अंगातला सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. त्यामुळे नारायणगावच्या डॉक्टरांनी बापलेक दोघांच्याही रक्तात चरबी वाढल्याचं सांगितलं, तेव्हा भंवरीबाईंना नवऱ्याचं नवल वाटलं नाही. मुलाचं ऐकून मात्र त्या डॉक्टरांवरच उखडल्या.

राग ओसरल्यावर भीती उरली. त्यांचा सख्खा भाऊ असाच काटकुळा होता आणि चाळिशीच्या आतच दुकानाच्या गादीवर बसल्याबसल्या गेला होता.

पण स्वयंपाकघरात भंवरीबाईंचं राज्य होतं. चैत्रातली आयंबिलची ओळी, जैनांचं नऊ दिवसांचं अळणी व्रत, आलं तशी त्यांनी दोघांनाही तपाला बसवलं. नऊ दिवस एकदाच जेवायचं, तेही उकडलेले मूग नि कोरडी भाकरी. तूप, तेल, दूध, साखर, मसाला सगळं बंद. डॉक्टरांनी अरिहंतला चरबीसाठी दिलेली गोळी रात्रीची, आणि सूर्य मावळल्यावर तर पाणीसुद्धा वर्ज्य. भंवरीबाईंनी गोळ्यांचं पाकीट उचलून कपाटात ठेवलं.

"आई, डॉक्टरनं रोज घ्यायला सांगितलीय," अरिहंत म्हणाला.

"नऊ दिवसांनी काय व्हतंय? पोटात तेलाचा थेंब जायचा न्हाई, तर रक्तात येईल कुठनं?"

आईपुढे अरिहंतचं कधी चाललंय!

पारणं झालं नि तिघं पुन्हा डॉक्टरांपुढे बसले. माणिकचंदांचा रिपोर्ट बघून डॉक्टर खुलले. "शेठ, वजनही उतरलं, चरबीही उतरली. तुमचं दुखणं ताटातलं. आता ताट सांभाळा." मग अरिहंतचा रिपोर्ट हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "याची वाढलीय. गोळी बंद केली होती?"

"मी ठिवली काढून," भंवरीबाई म्हणाल्या. "पण त्यानं खाल्लं न्हाई हो काही! देवाशप्पथ न्हाई."

"खाण्याचा दोष नाहीच, बाई. चरबी शरीर स्वतःही बनवतं. याच्या शरीराला ती रक्तातून काढून टाकणं नीट जमत नाही. जन्माचं आहे ते. पथ्यानं थोडंफार उतरेल, पण गोळी कायमची. घराण्यात कुणी तरुणपणी गेलंय?"

भंवरीबाईंनी मान खाली घातली. "माझा भाऊ. म्हंजी मीच दिलं म्हणायचं लेकाला."

"असं कुणी देत नसतं. पण तुमचंही रक्त तपासू. आणि याला मूल झालं तर पुढे त्याचंही."

घरी सून टीना वाट बघत होती. तिला सातवा महिना लागला होता. अरिहंतनं तिला सगळं सांगितलं. ते ऐकून ती स्वयंपाकघरात सासूपाशी येऊन बसली.

"आई, मी काय खाऊ, म्हंजी बाळाला हे यायचं न्हाई?"

गरोदर बाईनं काय खावं, बाळंतिणीला काय द्यावं, हे विचारायला अर्धं बेल्हे भंवरीबाईंकडे यायचं. आजवर कुणी रिकामं परत गेलं नव्हतं. टीना त्यांच्या तोंडाकडे बघत होती. लेकाच्या ताटातलं सगळं काढून झालं होतं, आता हिच्या ताटातून काय काढायचं?

"भात टाकते," त्या म्हणाल्या, आणि तिथंच बसून राहिल्या.