शेवटचं बेसिन

प्रोस्कोव्हियाचं डोकं चालतं, याबद्दल युगांडातल्या मसाक्यात कुणाचंच दुमत नव्हतं. ते सरळ चालतं की नाही, यावर मात्र आता बायका बोलू लागल्या होत्या. अंडीवाल्या बायकांच्या संघानं कोंबडीखाद्याची गिरणी तिच्या हाती देऊन चार महिने झाले होते. आणि आज सकाळी संघाची अध्यक्ष फेडेरेसी, म्हणजे प्रोस्कोव्हियाची सख्खी आत्या, तिची सेंगा, अर्धा रिकामा अंड्यांचा ट्रे घेऊन गिरणीच्या दारात उभी राहिली.

प्रोस्कोव्हियानं रीतीप्रमाणे गुडघे टेकले. "कशा आहात, सेंगा?"

"मी ठणठणीत आहे. माझ्या कोंबड्यांचं विचार," आत्या म्हणाली. "दोनशे कोंबड्या, रोजचे सहा ट्रे. आज अडीच! तुझ्या त्या कॉम्प्युटरला अंडी घालता येतात का गं? मग त्यालाच बसव खुराड्यात."

"सेंगा, मिश्रणात काही चूक नाही. मी तीनदा तपासलंय."

"मग तसं कोंबड्यांना समजावून सांग. वीस दिवसांनी सभा आहे. शहरातला तो खाद्याचा व्यापारी गिरणी भाड्यानं मागतोय, ठरल्या भावानं पोतं देईन म्हणतोय, आणि बायका हात वर करायला टपून बसल्यात. मी आत्या घरी, इथं अध्यक्ष. तुझ्यासाठी माझा हात खाली राहील, हे डोक्यातून काढून टाक."

आत्या गेली. ट्रे तिथंच ठेवून गेली, मुद्दाम.

गिरणी गेली तर प्रोस्कोव्हियाचं काय उरणार होतं? कंपालाच्या दोन नोकऱ्या सोडून ती इथं आली होती. मकेरेरे विद्यापीठात जे शिकली ते आपल्याच गावच्या बायकांच्या कामी आणायचं, या एका हट्टापायी. तिची विद्या तशी साधी होती. मक्याचा कोंडा, सूर्यफुलाची पेंड, सरकीची पेंड, शिंपल्यांचा चुरा आणि मुकेने, म्हणजे सरोवरातली वाळवलेली बोटभर मासळी. यातलं कोणतं किती घ्यायचं, ते अज्ञात. अटी ठरलेल्या: शंभर किलोत प्रथिनं सोळा किलोच्या खाली नकोत, चुना इतका हवाच, चोथा इतक्याच्या वर नको. या सगळ्या अटी पाळून सर्वांत स्वस्त मिश्रण कोणतं? अटींची समीकरणं मांडायची आणि कॉम्प्युटरला विचारायचं. लिनियर प्रोग्रामिंग म्हणतात ते हेच. कॉम्प्युटरनं शंभर किलोमागं बारा किलो मासळी सांगितली होती, पोत्याचा भाव उतरला होता आणि याच बायकांनी तेव्हा तिचे गोडवे गायले होते.

मिश्रण कालवणारा सेन्योंगा बावीस वर्षं गिरणीत होता. तो किलो मानत नसे, बेसिनं मोजे. आणि सगळं घालून झालं की मासळीचं एक बेसिन वर टाकी आणि म्हणे, "हे न्योंगेझा." बाजारात माप घेऊन झालं की दुकानदारीण वरून मूठभर फुकट घालते ना, ते न्योंगेझा. प्रोस्कोव्हियाला तेव्हा हसूच फुटलं होतं. "सेबो," वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं ती म्हणाली, "कोंबड्या काय गिऱ्हाईक आहेत? आजपासून हे बंद!" सेन्योंगानं बेसिन पालथं घातलं, आणि त्या दिवसापासून कामापुरतं बोलणं ठेवलं.

ते पालथं बेसिन अजून कोपऱ्यातच होतं. आत्याच्या ट्रेवरून प्रोस्कोव्हियाची नजर त्याच्यावर गेली. मिश्रणातून कमी झालेली गोष्ट तेवढी एकच होती!

ती उठली, कोंड्याच्या धुरळ्यात सेन्योंगासमोर गुडघे टेकून बसली. "सेबो, ते शेवटचं बेसिन तुम्ही का टाकत होता?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोत्यातली एक मासळी उचलली, दाताखाली धरली आणि चावली. कचकच आवाज झाला.

"ऐकलंस? वाळू. धक्क्यावरच्या बाया मासळी वाळूवर पसरून वाळवतात. कमी कचकचली तर सपाट बेसिन, जास्त कचकचली तर शीग लावून."

"अहो, मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस? न्योंगेझा म्हटल्यावर दात काढलेस. मला वाटलं, एवढी शिकलेली पोर आहे, वाळूचा हिशेब तिकडे शिकवला असेल."

प्रोस्कोव्हियाचे कान तापले. अशी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. वाळूला प्रथिनं समजून ती कोंबड्यांना खाऊ घालत होती, आणि वर तोऱ्यात सांगत होती की तीनदा तपासलंय! पण रडत बसायला वेळ कुणाला होता? तिनं किलोभर मासळी तोलली, बादलीत खळखळून धुतली, पत्र्यावर वाळवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलली. सातशे ग्रॅम भरली. म्हणजे मिश्रणात सोळा किलो प्रथिनं नव्हतीच, जेमतेम चौदा होती.

तिनं तो एक आकडा बदलला. कॉम्प्युटरनं निमूटपणे नवं उत्तर दिलं. कोंबड्या अंडी देतील, पण पोतं व्यापाऱ्याच्या भावापेक्षा महाग पडेल. सभेत हे सांगणं म्हणजे गिरणीची किल्ली आपल्या हातानं त्याला देणं होतं.

"नाही द्यायची," ती मोठ्यानं म्हणाली. सेन्योंगानं मान वर केली आणि पुन्हा कामाला लागला.

मग तिनं यादीत सहावी वस्तू घातली, जी बाजारात कुणीच विकत नव्हतं: बिनवाळूची मासळी. आणि प्रश्न उलटा केला. पोतं व्यापाऱ्याच्या भावाखाली ठेवायचं, तर अशा मासळीला किलोमागं जास्तीत जास्त किती देता येतील? उत्तर आलं अडतीसशे शिलिंग. वाळूवाली तीन हजाराला मिळत होती. तो आकडा तळहातावर लिहून ती बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, मागच्या सीटवर बसली आणि सरोवराच्या धक्क्यावर पोचली.

रेस्टेटुटा ही धक्क्यावरची सगळ्यात मोठी मासळीवाली. वाळूवर मैदानभर मासळी चकाकत होती आणि ती मधोमध स्टुलावर बसून पाखरं हाकलत होती.

"जाळीवर वाळवू?" ती खदखदून हसली. "अगं न्याबो, अगं बाई, वाळूला वजन असतं आणि वाळू फुकट असते. मला काय वेड लागलंय?"

"फाटकी जाळी इथं ढीगभर पडलीत. चार खांब रोवा, ताणा. मी स्वच्छ मासळीला वेगळा भाव देते."

"साडेचार हजार."

"छत्तीसशे."

"मग वाळूवालीच ने!"

"नाही नेणार. तुमच्या वाळूनं माझ्या आत्याच्या कोंबड्यांची अंडी आटवलीत. छत्तीसशे, दर आठवड्याला दहा पोती, वर्षभर. आणि मला न्योंगेझा नको."

रेस्टेटुटा पाखरं हाकलायची थांबली. "न्योंगेझा नको म्हणणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही," ती म्हणाली. बोलणी दुपार उलटेपर्यंत चालली. प्रोस्कोव्हिया दोनदा उठून चालू लागली, दोनदा रेस्टेटुटानं हाक मारली. शेवटी सदतीसशेवर हातात हात पडला. तळहातावरचा आकडा घामानं पुसला गेला होता, पण आता त्याची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी नवं खाद्य आत्याच्या खुराड्यात पडलं. पंधरा दिवस प्रोस्कोव्हिया रोज सकाळी तिथं हजर. तीन ट्रे, साडेतीन, चार.

सभेला साठ बायका आल्या. प्रोस्कोव्हियानं उभं राहून सगळं सांगितलं, वाळूसकट. "कॉम्प्युटर चुकला नाही, मी चुकले. मासळीत काय आहे ते न बघता मी त्याला आकडा दिला." फेडेरेसीनं त्या सकाळचे ट्रे टेबलावर मांडले. पूर्ण पाच.

"अध्यक्षाच्या कोंबड्या आणि अध्यक्षाचीच भाची!" मागून कुणीतरी ओरडलं. "आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?" हशा पिकला, कुजबुज वाढली. फेडेरेसीचा चेहरा उतरला. प्रोस्कोव्हियाजवळ आणखी आकडे होते, पण आकड्यांवरचाच तर विश्वास उडाला होता.

तेवढ्यात सेन्योंगा शेवटच्या बाकावरून उठला. खांद्यावर नव्या मासळीचं पोतं, हातात ते बेसिन. कुजबुज थांबली, कारण बावीस वर्षं या बायकांच्या कोंबड्या त्याच्या दातांच्या भरवशावर जगल्या होत्या. त्यानं पोतं उघडलं, तळाशी हात घालून मासळी काढली आणि चावली. सावकाश चावत राहिला. एक शब्द तो वाईट बोलला असता, तरी सगळं संपलं असतं, आणि तसं बोलायचं कारणही प्रोस्कोव्हियानंच त्याला दिलं होतं.

"वाळू नाही," सेन्योंगा म्हणाला. त्यानं बेसिन टेबलावर पालथं घातलं. "न्योंगेझा नको."

गिरणी व्यापाऱ्याला द्यावी, असं कुणाकुणाला वाटतं ते फेडेरेसीनं विचारलं. चार हात वर आले, त्यातला एक आजूबाजूला बघून खाली गेला.

"पण पोरी," सेन्योंगा तिच्याकडे वळला, "धक्क्यावरच्या बाया आहेत त्या. पुढच्या पोत्यात काय निघेल, सांगता येत नाही."

साठ बायकांच्या देखत प्रोस्कोव्हियानं त्याच्यासमोर गुडघे टेकले. "म्हणून प्रत्येक पोतं आधी तुमच्याकडे येईल, सेबो," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तोच आकडा मी लिहीन."