शून्यावर आणलेले नॉब

हर्षाला लोकांना नाचवणारं इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं होतं, आणि त्यासाठी एक सिंथेसायझर हवा होता. खिशाला झेपतील असे दोनच होते. एक नवा, मेमरीवाला. बटण दाबलं की कालचा आवाज आज हजर. दुसरा म्हणजे दुर्गच्या मोहन नगरातल्या निखिलचा जुना अ‍ॅनालॉग. त्यात मेमरी औषधालाही नव्हती. नॉब फिरवून आवाज घडवायचा, नॉब हलले की तो गेला. पण त्याचा खर्ज थेट पोटात उतरायचा. निखिलने तो वापरून बघायला दिला होता आणि रविवारी नक्की काय ते सांग म्हणाला होता.

शनिवारी तिला हवा तसा आवाज एकदाचा सापडला. क्वार्टरच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. बाबांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, तेव्हा त्यांना कटकट झाली असणार असं तिला वाटलं. नॉबचा फोटो काढून ठेवावा हे काही सुचलं नाही. आनंदात कुणाला सुचतं म्हणा!

रविवारी ती बाजारातून आली तर मशीन पुसून लख्ख, आणि सगळे नॉब शून्यावर.

तिचे बाबा, तेजराम, नुकतेच पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले होते. पाळी संपली की सगळे हँडल शून्यावर आणायचे, मगच खुर्ची सोडायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. नाहीतर पुढच्या पाळीचा माणूस बेसावधपणे मशीन चालू करतो आणि कुणाचा तरी हात जातो.

"बाबा, हे मिल नाही," हर्षा म्हणाली. "कावून हात लावला तुमी?"

"तू तसंच सोडून गेली होती. मले वाटलं, पोरगी विसरली."

त्यांनी काळजीनेच केलं होतं, हे तिला कळत होतं. म्हणून तर राग आणखीच आला, कारण तो काढायला जागा नव्हती. ती नॉबशी झटत बसली. आवाज काही परत येईना. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेजराम बराच वेळ दारात घुटमळले. मग हळूच म्हणाले, "कालचा जरा खालून येत होता."

तिचा हात थांबला. "तुमी तर दार लावून घेतलं होतं."

"दारातून खालचा आवाजच तेवढा येते. तोच ऐकून राहिलो होतो." त्यांनी मशीनकडे पाहिलं. "मिल सुटल्यापासून घर लय चूप वाटते मले."

हर्षाला आपल्याच रागाची लाज वाटली. ती सरकली, पलंगावर त्यांना जागा दिली. तेजरामांनी एका नॉबला बोटं लावली आणि तो अगदी सावकाश फिरवला. आवाज कालचा नव्हता. पण काचा हलल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने दुसरा नॉब धरला.

दुपारी निखिलचा फोन आला. पोरगा सरळ, आपलीच वस्तू विकायची असूनही म्हणाला, नीट विचार कर, यात मेमरी नाही. निखिल मराठीच, पण बाहेर सगळे हिंदी बोलतात म्हणून एरवी ती त्याच्याशीही हिंदीतच बोलायची. आज मराठीत बोलली, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात.

"हाच घेते. लक्षात ठेवाले घरी आमी दोघं आहोत."