आवरणाऱ्या पेशी

आमच्या मॅडमनी उभं आयुष्य भांडणं थांबवणाऱ्या पेशींच्या अभ्यासात घालवलं, आणि एवढ्या काळात स्वतःचं एकही भांडण थांबवलं नाही. हे मी निरीक्षण म्हणून सांगते आहे, तक्रार म्हणून नाही. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. माझा प्रबंध संपला की त्या निवृत्त होणार होत्या.

शरीरात रोगजंतू शिरले की टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पंचाईत अशी की जंतू संपले तरी त्यांचा पारा उतरत नाही, आणि मग त्या आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, आतड्यांवर हात उगारतात. म्हणून या टी-पेशींमध्येच काही जणी असतात, ज्या बाकीच्यांना शांत करतात. मॅडम तरुण होत्या तेव्हा त्यांना सप्रेसर, म्हणजे दाबून टाकणाऱ्या, पेशी म्हणत. मग पुरावे जुळेनासे झाले. या पेशींची खूण जनुकांमध्ये जिथे सापडायला हवी होती तिथे काहीच सापडलं नाही. जगाने ठरवून टाकलं की अशा पेशी मुळात नसतातच. परिषदेत कुणी 'सप्रेसर' म्हटलं की मागच्या रांगेत खसखस पिके. मॅडमचे सोबती एकेक करून दुसऱ्या विषयांकडे सटकले. मॅडम मात्र अर्जावर 'सांध्यांची सूज' असं लिहून गुपचूप त्याच पेशी वाढवत राहिल्या.

पुढे इतर लोकांना त्याच कामाच्या पेशी पुन्हा सापडल्या, या वेळी पक्क्या पुराव्यानिशी. जुन्या नावाची इतकी बदनामी झाली होती की त्यांनी नवं नाव ठेवलं: रेग्युलेटरी, म्हणजे नियमन करणाऱ्या.

"खोटी म्हणून हाकलली, आणि नाव बदलून वाजतगाजत घरात घेतली," मॅडम म्हणत. "वर मलाच विचारतात, तुम्ही या विषयात कधी आलात."

आमच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'सप्रेसर' हाच शब्द घातला होता. प्रयोग माझे, शब्द त्यांचा. नियतकालिकाच्या परीक्षकांनी प्रयोगांचं कौतुक केलं आणि एकच अट घातली: हा शब्द आता कुणी वापरत नाही, तेवढा बदलावा. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. निबंध स्वीकारला गेल्याशिवाय मला प्रबंध सादर करता येत नव्हता, आणि प्रबंधाशिवाय मला मिळालेली नोकरी हातची जाणार होती. म्हणजे माझी सगळी वर्षं एका विशेषणावर टांगलेली होती.

एरवी मला काळजी नसती, कारण एरवी काका असत. काका म्हणजे मॅडमचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. रोज चारच्या सुमाराला ते प्रयोगशाळेत यायचे, मॅडमच्या टेबलाशेजारच्या डुगडुगत्या स्टुलावर बसायचे आणि जाताना त्यांना घरी घेऊन जायचे. मॅडम कुणावर तरी तापलेल्या असायच्याच. काका ऐकून घ्यायचे, अधूनमधून "असू दे" म्हणायचे, आणि संध्याकाळपर्यंत संतापाने लिहिलेलं पत्र आपोआप कचऱ्याच्या टोपलीत जायचं. माझा वरिष्ठ सहकारी प्रत्येक निष्कर्षावर शंका घेतो म्हणून आम्ही त्याला शंकासुर म्हणतो. पण काकांचा परिणाम त्यालाही मान्य होता. फक्त काका नेमकं काय करतात हे आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि नेमके आत्ताच काका मुलीकडे गेले होते, नवी नात बघायला.

मंगळवारी मॅडमनी परीक्षकांना उत्तर लिहिलं आणि आम्हा दोघांना बोलावून वाचून दाखवलं. त्यात पेशींबद्दल एक परिच्छेद होता आणि परीक्षकांच्या वाचनाबद्दल, पिढीबद्दल व हिमतीबद्दल चार. शेवटी म्हटलं होतं की शब्द बदलणार नाही, निबंध परत घेते.

मी म्हटलं की परीक्षकांचा हेतू वाईट नसावा. त्यावर मॅडमनी हेतूबद्दल सहावा परिच्छेद घातला. शंकासुर म्हणाला की आजकाल विद्यार्थ्यांना जुना शब्द कळतही नाही, आणि आजच्या विद्यार्थ्यांना आणखी काय काय कळत नाही त्याचा सातवा तयार झाला. मी नियतकालिकाच्या नियमांचा दाखला दिला, तो आठवा. आम्ही जितके समंजस होत होतो तितकं पत्र वाढत होतं.

तेव्हा आम्ही जी चूक केली ती आमच्यासारख्यांनाच शोभावी. मी काकांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"अगं, असू दे," काका फोनमधून म्हणाले. मागे बाळ रडत होतं.

"तुम्हाला काय जातंय असू दे म्हणायला," मॅडम म्हणाल्या, आणि नवव्या परिच्छेदाला हात घातला.

बाहेर आल्यावर शंकासुर माझ्याकडे बघत राहिला. "जाळी," एवढंच म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या निबंधाची पहिलीच आकृती ती. प्लास्टिकच्या थाळीतल्या एका खळग्यात दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र ठेवल्या की भांडखोर शांत होतात. मध्ये बारीक जाळी घातली की निरोप पलीकडे जाऊ शकतो, पण पेशी जाऊ शकत नाहीत, आणि मग काही उपयोग होत नाही. आवरणाऱ्या पेशीला शेजारी येऊन बसावं लागतं. हे मी स्वतः पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं, आणि तरीही काकांना फोनमधून गाळून पाठवलं.

मी जिन्यात जाऊन काकांना पुन्हा फोन केला. या वेळी स्पीकर नव्हता. मी विचारलं, तुम्ही रोज करता तरी काय?

"मी?" काका म्हणाले. "काही नाही. तिला भांडायला समोरून मुद्दे लागतात ना. मी देत नाही. कुणी दिलेच तर ते आधीच संपवून टाकतो. ती म्हणाली अमका मूर्ख आहे, तर मी म्हणतो आहेच. मग ती काय करणार?"

"आणि 'असू दे'?"

"ते आपलं बसल्या बसल्या म्हणतो."

मी जिन्यातच उभी राहिले. ही तर आमची शेवटची आकृती. भांडखोर पेशींना वाढायला एक खुराक लागतो. आवरणाऱ्या पेशी कुणालाही दाबत नाहीत, धमकावत नाहीत. शेजारी बसून तो खुराक निमूट खाऊन टाकतात. बाहेरून जास्तीचा खुराक ओतला की त्यांचं काही चालत नाही. आणि मी व शंकासुर सकाळपासून समंजसपणाच्या नावाखाली तोच ओतत होतो.

मी आत गेले आणि डुगडुगत्या स्टुलावर बसले. ते काकांच्या वजनाला सरावलेलं होतं, मला जवळजवळ पाडलंच त्याने.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. परत घेऊ निबंध."

"घेऊच," मॅडम म्हणाल्या. "वाचतात का हे लोक काही?"

"नाहीच वाचत."

"यांचा जन्म व्हायच्या आधीपासून मी हे करतेय."

"हो ना."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दहावा परिच्छेद सुरू करायला बोटं उचलली आणि तशीच ठेवली. मग जरा वेळाने म्हणाल्या, "परत कसा घेणार? तुझी नोकरी आहे ना?"

हे मात्र अवघड होतं. घशात माझीच बाजू आली होती, चांगली मुद्देसूद. ती मी गिळली. "असू दे," म्हटलं.

"काय असू दे? एवढे उंदीर काय हौस म्हणून सांभाळलेस?" आता त्या माझ्या बाजूने माझ्याशीच भांडत होत्या. मी त्यालाही हो म्हटलं. मॅडमनी निबंध उघडला आणि खाली सरकवत शेवटच्या आकृतीपर्यंत आल्या.

"हे बघ," त्या हळूच म्हणाल्या. "या दाबत कुठे आहेत? नुसत्या खातायत. म्हणजे सप्रेसर हा शब्दही चूकच. आपलीच आकृती सांगतेय." थोडं थांबून म्हणाल्या, "तसं नियमनही करत नाहीत म्हणा. रेग्युलेटरी म्हणजे कसं, टेबलामागे शिक्का घेऊन बसलेलं कुणीतरी वाटतं. आपल्याकडे बरा शब्द आहे. आवरणं. राग आवरतात, घर आवरतात, पसाराही आवरतात. पण परीक्षकांना कोण समजावणार ते."

"कोण समजावणार," मी म्हटलं.

शब्द त्यांनी स्वतः बदलला. जुना शब्द खोडताना एकेक अक्षर मागे घेतलं, सगळा एकदम पुसला नाही. मग प्रस्तावनेत एक ओळ घातली की या पेशींना पूर्वी दुसरं नाव होतं आणि त्या तेव्हाही होत्याच. नऊ परिच्छेदांचं पत्र टोपलीत गेलं. पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवून त्या थांबल्या.

"काकांना फोन केला होतास ना? मगाशी, जिन्यात?"

मी कबूल केलं.

"काय म्हणाले?"

खोटं बोलायला सुचेना. तुम्हाला मुद्दे मिळू देत नाहीत म्हणाले, असं मी सांगितलं. कुणी काही म्हटलं की आधीच हो म्हणून टाकतात.

मॅडमनी बटण दाबलं. निबंध गेला.

"आणि इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं मी जिंकते."

मग त्यांनी फोन उचलला आणि मला हाताने बाहेर जायची खूण केली. मी दार लावून घेतलं. काचेतून दिसत होतं, त्या हातवारे करून काकांना चांगलंच सुनावत होत्या आणि मधेच डोळे पुसून हसत होत्या. पलीकडून काका काय म्हणत असतील ते मला ऐकू येत नव्हतं, पण अंदाज होता.